गादी पाठीनं पाहावी

पिंजाऱ्याच्या घरात कापूस कुठे नसतो? भाकरीत, भुवयांत, चपलेतसुद्धा! किस्स्यांचंही तसंच. आम्ही बहिणी एकत्र बसलो की एकीनं पदर झटकायचा अवकाश, अब्बांचा एखादा किस्सा पडलाच म्हणून समजा.

इंग्रजांच्या राज्यातल्या गोष्टी या. वाशीमजवळच्या मालेगावात अब्बांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. लोक त्यांना कासमचाचा म्हणत. पहाटे कोंबड्याआधी त्यांचं कापूस पिंजायचं पिंजण वाजायचं. गल्लीतले कोंबडे त्यामुळे आळशी झाले, असं अम्मा म्हणायची.

* * *

अब्बांची एक रीत होती. गादी शिवून झाली की दुकानातच तिच्यावर आडवं व्हायचं, कूस बदलून बदलून गाठ कुठे लागते ते बघायचं आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायची. "गादी हातानं नाई पाहात, पाठीनं पाह्यतेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा वाशीमचा एक व्यापारी भर दुपारी आला. मालक चक्क घोरतोय! त्यानं हलवून विचारलं, दिवसाढवळ्या झोपा काढल्या तर धंदा कसा होणार?

अब्बांनी डोळेही उघडले नाहीत. म्हणाले, "काम करून राह्यलो, भाऊ. उजव्या कुशीचं झालं, डाव्या कुशीचं बाकी हाये."

* * *

साऱ्या तालुक्याला मऊ झोपवणाऱ्या या माणसाच्या घरात आम्ही मात्र चटईवर! अम्माला लग्नात गादीचं वचन मिळालं होतं. लाल पट्ट्यांचं कापड तिनं स्वतः निवडून आणलं होतं. दोन मुली झाल्यावर एकदाची ती गादी तयार झाली.

त्याच दिवशी केनवडचे पाटील धावत आले. पोरीचं लग्न उद्यावर आणि रुखवतातली गादी उंदरांनी फोडलेली. अब्बांना नाही म्हणता येईना. लाल पट्ट्यांची गादी पाटलांच्या बैलांच्या दमणीत चढली.

अम्मा दारात उभी होती. एवढंच म्हणाली, "अन् मी का नवरी नव्हती?"



* * *

शेलूबाजारच्या बाजाराला अब्बा अंधारातच बैलगाडी जुंपून निघायचे. गाडीत गाद्यांचा ढीग, आदल्या दिवसाचा शीण आणि वर गार वारा. माणूस किती वेळ बसून राहील! एकदा ते ढिगावर आडवे झाले. बैल मोठे समजूतदार होते. हाकणारा झोपला म्हटल्यावर ते वळले आणि सरळ घरी आले.

गाडी थांबली तसे अब्बा दचकून उठले आणि अर्धवट झोपेतच आरोळ्या देऊ लागले, "गाद्या घ्या, गाद्या!"

आमचंच दार उघडलं. अम्मानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "या घरी एक पायजे होती. देता का?"

गल्ली महिनाभर हसत होती. अब्बाही.

* * *

मोठ्या आपाला, आमच्या थोरल्या बहिणीला, बघायला पाहुणे आले तेव्हा अब्बा कामातच होते. दाढी, भुवया, टोपी, सगळं कापसानं पांढरं. त्यांनी पाहुण्यांना बसवलं, आंघोळ करून काळीभोर दाढी विंचरली आणि परत बैठकीत आले.

मुलाच्या वडिलांनी अदबीनं विचारलं, "मघाचे आजोबा कुठं गेले?"

* * *

दुसरी गादी झाली तेव्हा अब्बांनी ती स्वतः आत नेऊन ठेवली. आता पाटील येवो नाहीतर कलेक्टर, ही द्यायची नाही! चार दिवसांनी बघतात तो गादी गायब. शेजारच्या सुताराची सून बाळंत झाली होती आणि अम्मानं स्वतःच ती उचलून दिली होती. बाळंतिणीला दिलेली गादी परत कोण मागतो?

अब्बा चिडतील असं आम्हाला वाटलं. ते पोट धरून हसले. जोडा असा होता तो!

* * *

माझं लग्न सगळ्यांत शेवटी झालं. पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा अब्बा नवीन गादी शिवत होते. लाल पट्ट्यांचीच. शेवटचा टाका घातला, पण तिच्यावर ते स्वतः काही आडवे झाले नाहीत. अम्माला हाक मारली आणि म्हणाले, "ही तू पाह्य."

अम्मा लाजली. चूल पेटलेली आहे, लोक काय म्हणतील, असं बरंच बोलली आणि शेवटी टेकली. मिनिटभर म्हणून उजव्या कुशीवर वळली आणि तिला गाढ झोप लागली. दिवसा झोपलेली अम्मा मी जन्मात पाहिली नव्हती. माझे डोळेच भरून आले.

अब्बांनी पिंजण भिंतीला टेकवलं आणि उंबऱ्यावर जाऊन बसले.

तेवढ्यात केनवडचे तेच पाटील दमणीतून उतरले. धाकट्या पोरीचं लग्न, वेळ थोडा आणि आत लाल पट्ट्यांची गादी तर तयारच दिसत होती! त्यांनी तिथूनच मोठ्यानं हाक दिली.

अब्बांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, पाटील. काम चालू हाये. डाव्या कुशीचं बाकी हाये."