उकंडा ऊर्फ अखंड

पाच वर्षांपूर्वी, माघातल्या एका रविवारी दुपारी, नालवाडीतल्या आमच्या घरी माझ्या मुलाचं बारसं झालं. ठरलेलं नाव अखंड होतं. ठेवलं गेलेलं नाव उकंडा आहे.

ज्यांचा वऱ्हाडी बोलीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी: उकंडा म्हणजे उकिरडा. शेणाचा, केराचा, सकाळी कोंबड्या पायांनी उकरतात तोच.

मी वर्ध्यात एका दैनिकाच्या कार्यालयात काम करतो. इतरांनी लिहिलेल्या बातम्यांतली नावं तपासणं हा त्या कामाचा मुख्य भाग. "नावात चूक झाली की बातमी मेली," असं मी नव्या वार्ताहरांना सांगतो. (अजूनही सांगतो. ते ऐकताना ते मान खाली का घालतात, याची मला कल्पना आहे.)

नाव निवडताना माझी एकच अट होती. आमच्या गल्लीत तेव्हा रेयांश, दिव्यांश, प्रियांश आणि शिवांश होते. संध्याकाळी कुणी गच्चीवरून नुसतं "यांश!" असं ओरडलं तरी निम्मी पोरं खेळ टाकून घरी जेवायला जायची. माझ्या मुलाचं नाव जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या पोराचं असू नये, असं मी ठरवलं होतं. (ही अट पुढे पूर्ण झाली. तपशील वेगळा होता, इतकंच.)

"अखंड काय हो?" स्नेहल म्हणाली. स्नेहल म्हणजे माझी बायको. सेवाग्रामला दवाखान्यात नर्स आहे. "तेल संपेपर्यंत जळणाऱ्या दिव्याचं नाव वाटतं."

"अखंड म्हणजे न तुटणारा."

तिनं एकदा कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "ठेवा."

याआधी दोनदा आमच्या घरात झबली शिवून झाली होती, आणि दोन्ही वेळा ती तशीच कपाटात गेली होती. त्यामुळे 'न तुटणारा' या अर्थावर पुढे चर्चा झाली नाही.

आता नाव फक्त आत्यापर्यंत पोचवायचं होतं. ही आत्या म्हणजे माझी थोरली बहीण कुंदाताई, राहणार देवळी. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान तिचा. मी तिला बसस्थानकाजवळच्या पानठेल्यावरून फोन केला.

इथं एक खुलासा आवश्यक आहे. मी घरी खर्रा सोडला होता. हे वाक्य शब्दशः खरं आहे; फक्त घरीच सोडला होता. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो ऐवज गालात गेला, की माणसाला हनुवटी आभाळाकडे करून आणि ओठांचा चंबू करून बोलावं लागतं. अशा स्थितीत मराठीतले बहुतेक स्वर संपतात. उरतो फक्त उ.

"हुलू, तुई."

"बोल बंडू. ठरलं का नाव?"

"हू. उखुंड."

"काय?"

"उखुंड!"

"उकंडा म्हणतं का?"

इथं थुंकून स्पष्ट बोलायला हवं होतं. पण खर्रा नुकताच लावलेला होता. मी म्हणालो, "हू."

मग ताईचा आवाज भरून आला. "लय चांगलं केलं रे बंडू! मले वाटलं नव्हतं तू हे नाव काढशीन म्हणून. ठेवते फोन, मले रडू येऊन राह्यलं."

संस्कृत शब्दांचा माणसांवर असा परिणाम होतो, असं मला वाटलं.

बारशाला घर भरलं होतं. घुगऱ्या वाटून व्हायच्या होत्या. ताई नवं लुगडं नेसून पाळण्यावर वाकली, बायका तिच्या पाठीत धपाटे घालायला हात उचलून तयार झाल्या, आणि ताईनं नालवाडीच्या नाक्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बाळाला सांगितलं, "कुर्रर्र... उकंडा!"

धपाटे हवेतच राहिले.

"काय म्हणाल्या ह्या?" माझ्या सासूबाईंनी विचारलं.

"उकंडा!" ताईनं डोळे पुसले. "आमच्या आबाचं नाव! बंडूनं ठरवलं."

आमच्या आजोबांचं नाव उकंडराव होतं, हे मला त्या क्षणी आठवलं. तोवर ते माझ्यासाठी आबा होते.

"ताई, अखंड!" मी ओरडलो. "अ! अखंड!"

"मंग फोनवर उखुंड उखुंड काऊन करून राह्यलता?" ताईनं माझ्याकडे निरखून पाहिलं. लहानपणापासूनच्या सगळ्या चोऱ्या तिनं याच नजरेनं पकडल्या आहेत. "तोंडात खर्रा होता का रे तुह्या?"

घरातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. स्नेहलची सर्वांत शेवटी आणि सर्वांत सावकाश. या प्रश्नावर संबंधितांची प्रतिक्रिया मिळू शकली नाही.

"काही होत नाही," सासूबाई म्हणाल्या. "कानात परत सांगा. दुसरं नाव."

"कानात गेलेलं नाव निंगते का विहीणबाई?" ताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ते काय पानी आहे, मान वाकडी केली का गळालं? अन् वाईट काय आहे त्या नावात? आबाच्या आधीचे दोन लेकरं गेलते. मंग आबा झाला तं त्याच्या मायनं त्याले नेऊन उकंड्यावर ठेवलं. यमाले वाटलं पाह्यजे का हे यायनंच टाकून देल्लं, आपुन काय न्याचं? शेजारनीनं उचलून घरी आणलं. म्हणून उकंडा. नव्वदीत गेला आबा! तेही बोरीच्या झाडावर चढला म्हणून, नाईतं गेला नसता."

कुणीतरी हसलं. स्नेहल हसली नाही. तिनं बाळाला पाळण्यातून उचलून घेतलं.

"ताई, माझं बाळ मी उकिरड्यावर ठेवणार नाही," ती म्हणाली. "नावानंसुद्धा नाही."

अशा रीतीनं माझा मुलगा कागदावर अखंड झाला, आईच्या तोंडी अखंड झाला आणि उर्वरित वर्धा जिल्ह्यात उकंड्या झाला. दूधवाला "उकंड्याचं दूध" म्हणून माप घालायचा. भाजीवाली त्याच्यासाठी वेगळं गाजर ठेवायची. मुलाचा कौल लवकरच स्पष्ट झाला. अखंड म्हटलं की तो खेळत राहायचा. उकंड्या म्हटलं की खेळ टाकून पळत यायचा. स्नेहलनं मात्र हार मानली नाही. ती एकदा अखंड म्हणायची, दोनदा म्हणायची, तिसऱ्यांदा स्वतः उठून त्याला उचलून आणायची. पण ते दुसरं नाव तिनं तोंडातून काढलं नाही. मी घरी काहीही बोललो की आधी "आ करा" असा आदेश व्हायचा. बोलणं नंतर.

मी माझ्या सवयीप्रमाणे नावाची चौकशी सुरू केली. निष्कर्ष असा: पूर्वी गावागावात एखादा तरी उकंडा असायचाच. कुठं उकंडराव, कुठं उकर्डा, जागा एकच. आता साठीच्या खालचा एकही मला सापडला नाही. माझा मुलगा जिल्ह्यातला सर्वांत तरुण उकंडा असावा. ही माहिती मी स्नेहलला अभिमानानं सांगितली.

"आ करा," ती म्हणाली.

गेल्या वर्षी ताईनं आम्हाला देवळीजवळच्या एका गावच्या जत्रेला नेलं. बांगड्यांच्या दुकानाजवळ मी "दोन मिनिटांत आलो" असं सांगून बाजूला गेलो. परत आलो तेव्हा स्नेहलच्या एका हातात हिरवा चुडा होता, आणि दुसरा हात रिकामा होता.

"आत्ता इथं होता," ती म्हणाली. "आत्ता धरलेला होता हो मी."

आम्ही आकाशपाळण्यापाशी पाहिलं, रेवड्यांच्या गाडीपाशी पाहिलं, मौत का कुआँच्या फळ्यांखाली वाकून पाहिलं. ताईनं फुगेवाल्याचे फुगे बाजूला सारून त्याच्या मागे पाहिलं. स्नेहल नुसती चालत होती, भराभरा, आणि तिचा तसा चेहरा मी यापूर्वी दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा दवाखान्यात.

मी देवळापुढच्या मंडपात जाऊन माइक हातात घेतला. (तोंड रिकामं होतं. हे मुद्दाम नमूद करतो.) "अखंड..." मी म्हणालो, आणि माइक खरखरून बंद पडला. जत्रेला फक्त तेवढाच शब्द ऐकू गेला.

"अखंड महाप्रसाद सुरू झाला!" कुणीतरी ओरडलं.

मी पुन्हा म्हणालो, "अखंड!" मंडपासमोर रांग लागली. मागून पत्रावळी पुढे सरकू लागल्या. एक आजीबाई मला म्हणाल्या, "भाऊ, बुंदी हाये का नुसती भाजी?"

तेवढ्यात स्नेहलनं माझ्या हातातून माइक ओढला. तो तिच्या हातात बिनतक्रार चालू झाला.

"उकंड्या!" ती ओरडली. "ए उकंड्या! बाळा, मंडपात ये रे! उकंड्याऽऽ!"

पाळणा फिरवणारा थांबला. पत्रावळी खाली आल्या. ताईनं माझा दंड घट्ट धरला. "बोलावलं शेवटी माह्या भाच्याले त्याच्या नावानं," ती कुजबुजली.

पहिला उकंडा काठी टेकत आला. वय ऐंशीच्या आसपास. "मले कोनं बोलावलं?"

दुसरा पांढऱ्या टोपीत आला. "काय झालं पोरी? मी उकंडा."

तिसऱ्याला नातवानं धरून आणलं. त्यानं पहिल्या दोघांकडे पाहिलं. "तूबी उकंडा? अन् तूबी? बाप्पा! मले वाटलं, मी एकलाच उरलो."

"माझा मुलगा हरवलाय हो," स्नेहल म्हणाली. "त्याचंही नाव उकंडा आहे."

तिघंही तिच्याकडे पाहत राहिले. असं नाव आता कुणी ठेवत असेल, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. काठीवाल्यानं विचारलं, "त्याच्या आधीचे गेलते का बाई?"

स्नेहलनं मान हलवून हो म्हटलं.

"माह्याबी आधीचे तीन गेले. पाह्य, दात नाई, पन मी हावो."

"तुम्हाला खरंच उकिरड्यावर ठेवलं होतं?"

"ठेवलं तं. अन् लगेच उचललंबी. ठेवाले एकली माय असते पोरी, उचलाले सारं गाव येते." त्यानं काठी उचलून रांगेकडे केली. "पाहून काय राह्यले बे? आपला उकंडा हारपला! शोधा!"

महाप्रसादाची रांग चारी दिशांना पळाली. रेवडीवाला, बांगडीवाला, पत्रावळी काखेत मारलेल्या बायका, बुंदीची चौकशी करणाऱ्या आजीबाई, सगळे एकाच नावानं ओरडू लागले. "उकंड्याऽऽ!" पाळण्याच्या वरच्या टोकावर अडकलेले लोक तिथून ओरडत होते. त्या दुपारी त्या जत्रेत याहून लोकप्रिय नाव दुसरं नव्हतं.

थोड्याच वेळात गर्दी दुभंगली आणि माझा मुलगा एका माणसाच्या खांद्यावर बसून, दोन्ही हात वर करून, मिरवणुकीनं आला. आपल्याला का बोलावलं जातंय हे त्याला कळलं नव्हतं, पण त्याला ते आवडलं होतं. तिघा म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्नेहलनं त्याला खांद्यावरून ओढून छातीशी धरलं. चुड्यातल्या दोन बांगड्या फुटल्या.

"उकंड्या," ती म्हणाली. "कुठं गेला होतास रे, उकंड्या?"

"बाबा हारपले होते," तो म्हणाला. "मी त्यायले पाहाले गेलतो. पानठेल्यावर. बाबा तिथंच सापडते."

त्याला खांद्यावर घेऊन आलेल्या पानठेलेवाल्यानं या माहितीला दुजोरा दिला.