चकाकीवर विश्वास न ठेवणारे केळुसकर

श्री. वसंतराव केळुसकर यांची नि माझी पहिली भेट अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या आमच्या घरी, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी झाली. तीर्थप्रसाद घेऊन मंडळी गप्पांना बसली होती, आणि हे गृहस्थ मात्र चष्मा कपाळावर सारून पूजेच्या तबकातली नाणी न्याहाळत होते. माझे वडील जहाजावर नोकरीला होते. त्यांनी आणलेली ती अमेरिकेची जुनी, चांदीची अर्ध्या डॉलरची नाणी. मला पाहुण्याचं लक्षण काही ठीक दिसेना. काहीतरी निमित्त काढून मी तबक आत नेलं.

वसंतरावांनी ते मनावर घेतलं नाही, कारण ते स्वतः पट्टीचे संशयी. नाणं समोर आलं की ते आधी खोटंच धरतात. लोहचुंबक लावतात, काठ फिरवून ओतकामाचा सांधा शोधतात. मग अर्ध्या डॉलरवरच्या, पावलं टाकत निघालेल्या स्वातंत्र्यदेवीची मांडी आणि मागच्या गरुडाची छाती बघतात, कारण झीज आधी उंच भागावर होते. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या एका सभासदाचं लाडकं नाणं त्यांनी ‘ओतलेलं आहे’ म्हणून परत केलं, तेव्हा तो बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता.

पुढे २००८ची मंदी आली. प्रकल्प थांबले, कंपनीने मला नारळ दिला. माझी लेक केतकी दहावीत होती. तिच्या परीक्षेपर्यंत इथे टिकायचं तर नाणी विकणं एवढंच हातात होतं. नाइलाजाने वसंतरावांना बोलावलं. त्यांनी एकेक नाणं दिव्याखाली कलतं करून पाहिलं.

“वहिनी, ही कशाने घासलीत?”

“चिंच आणि रांगोळी. दर दिवाळीला घासते,” मी म्हणाले. “ लक्ष्मीपुढे काळी कशी ठेवायची?”

“मग खलास! टांकसाळीची झळाळी गेली. आता नुसता चांदीचा भाव.”

“बट काका, दे आर सो शायनी!” केतकी म्हणाली.

“तेच तर वाईट आहे, बाळ.” मग त्यांनी विचारलं, “पूजेत न ठेवलेलं एखादं आहे का?”

“एक आहे. देवीच्या पायाशी चरा गेलाय. भंगलेलं पूजेत नको म्हणून डब्यात पडलंय.”

ते काळंकुट्ट नाणं पाहताच वसंतरावांनी चष्मा कपाळावर सारला आणि ‘तपासायला दोन दिवस घरी नेतो’ म्हणाले. भाव पाडून एकच उचलायचा हा डाव, अशी माझी खात्री पटली. मी त्यांच्यासमोरच दोन्ही बाजूंचे फोटो काढले. ते शांतपणे म्हणाले, “काठाचाही काढा. अदलाबदल तिथेही कळते.”

नाणं परत आलं. फोटोशी ताडून पाहिलं, तेच होतं. मग ते मला दुबई मरीनातल्या एका व्यापाऱ्याकडे घेऊन गेले. चकचकीत नाणी पाहून तो खूश झाला. “माशाल्ला, सब नया!”

“सब धोया हुआ है, हबीबी. चांदी का भाव दो,” वसंतराव म्हणाले. हा माणूस नक्की कुणाच्या बाजूचा? मग त्यांनी काळं नाणं पुढे केलं. “इसमें पाँव के पास खरोंच है. बाकी किसीने घिसा नहीं. टकसाल का अक्षर देखो, साल देखो.”

व्यापाऱ्याने भिंग लावलं. धुतलेल्याला धुतलेलं म्हणणाऱ्या माणसावर त्याचा विश्वास बसला होता. त्या टांकसाळीची त्या सालची नाणी फार थोडी; त्या एका दुर्मिळ नाण्यावर आमची परीक्षेपर्यंतची सोय झाली.

वसंतरावांनी दलाली घेतली नाही. त्यामुळे तर माझा संशय आणखीच बळावला. अबुधाबीला परतताना मी सरळ विचारलं, “वसंतराव, यात तुमचं काय?”

गाडी चालवता चालवता ते म्हणाले, “आधीच्या एका मंदीत माझी नोकरी गेली होती. लेकीला दहावीच्या मध्येच गावी, मामाकडे ठेवली. ती शिकली, सुखात आहे. पण आमच्याकडे आली की अजून विचारून पाणी घेते.”

केतकीने दहावी आमच्याजवळ राहून दिली. त्या उपकाराची किंमत मला त्या दिवशी गाडीत कळली आणि मी खिडकीबाहेर तोंड फिरवून डोळे पुसले.

वसंतराव आज पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, नजर अशीच तीक्ष्ण राहो. आणि या वर्षी त्यांची लेक माहेरी येईल, तेव्हा तिने कुणालाही न विचारता स्वयंपाकघरात जाऊन पाणी घ्यावं, एवढंच देवाकडे मागणं आहे.