सिनेमातल्या बगला पाहणारे चाचा

दारव्ह्याच्या टॉकीजमध्ये आजवर जेवढी माणसं सिनेमा पाहून आली, त्यांत हिरोच्या बगलेकडे पाहणारा माणूस एकच, मी शिकवते त्या शाळेमागच्या गल्लीतले शिलाईवाले चाचा. गल्ली त्यांना चाचा म्हणायची म्हणून मीही म्हणायचे. बाकीचे लोक मारामारी पाहायचे, गाणी पाहायचे, बायका रडणाऱ्या आईला पाहून रडायच्या. चाचा हिरोने हात वर केला की पुढे वाकून बाही कुठे ओढते ते पाहायचे. राजाराणीच्या सिनेमाला त्यांनी एका वाक्यात निकालात काढलं होतं, ‘‘राजा कायचा बाई, कॉलर पाहा ना त्याची!’’ रस्त्यात माणूस भेटला की ते आधी त्याच्या खांद्यांना भेटत, मग त्याला. माझ्या नवऱ्याला भर आठवडी बाजारात थांबवून ते म्हणाले होते, ‘‘साहेब, डावा खांदा उतरून राह्यला तुमचा, थैली उजव्या हातात घेत जा.’’ नवरा आठ दिवस आरशासमोर तिरका उभा.

दर जूनमध्ये चाचा शाळेच्या व्हरांड्यात टेप गळ्यात अडकवून बसायचे आणि साऱ्या शाळेचे गणवेश शिवायचे. मुलगा दिसला की त्याचा बाप किती उंच आहे ते विचारायचे आणि त्या मानाने पँटच्या पायात, बाहीत जास्तीचं कापड दुमडून ठेवायचे. पुढच्या जूनमध्ये टाके उसवले की तीच पँट दोन बोटं खाली यायची. कापसाला भाव नसण्याची ती वर्षं होती. दिवाळीतही लोक चाचांकडे जुनेच कपडे मोठे करायला आणायचे. कापसाचा भाव जितका पडे तितकं चाचांचं आत दुमडलेलं मार्जिन वाढे. एका वर्षी तर पाचवीतली मुलं पायात गोधडी बांधल्यासारखी चालत होती. मी हटकलं तर म्हणाले, ‘‘दहावीपर्यंत चालते बाई, फक्त पोट्ट्यानं वाढाले पाहिजे.’’ गणवेश वेळेवर मात्र कधीच मिळायचे नाहीत. शाळा उघडून पंधरा दिवस झाले तरी अर्धे वर्ग रंगीबेरंगी, आणि चाचा दुकानात कुणाला तरी कालचा सिनेमा सांगत बसलेले.

त्यांचं खरं दैवत म्हणजे हातातून वीज सोडणारा तो परदेशी हिरो. त्याचे सगळे सिनेमे हिंदी होऊन सहा महिन्यांनी आमच्याकडे यायचे आणि चाचा प्रत्येक तीनदा पाहायचे. आमच्याकडचं भारनियमन असं, की पडद्यावर त्याने वीज सोडली की टॉकीजची जायची. मग जनरेटर लागेपर्यंत अंधारात आरडाओरडा, ‘‘अबे, इकडं सोड ना थोडी!’’ चाचांना निराळीच काळजी. त्या अंगाला चिकटलेल्या निळ्या ड्रेसला चेन कुठे आहे? ‘‘ह्या माणसाले लघवीले लागली तं काय करते हा?’’ हे त्यांनी मला, वर्गशिक्षिकेला, शाळेच्या फाटकात अत्यंत गंभीरपणे विचारलं होतं.

मग त्या हिरोचा नवा सिनेमा आला. त्याच सुमारास शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि ते माझ्याकडे होतं. नाटुकल्यात एक मुलगा त्या हिरोसारखा वीजवाला होऊन गावात उजेड आणतो असं दाखवायचं होतं. ड्रेस सांगायला मी चाचांकडे गेले, तर ते दुपारचा खेळ पाहून आलेले, तोंड उतरलेलं.

‘‘काय झालं चाचा?’’

‘‘बदलला बाई. हिरो तोच, माणूस नवा. सतरा वर्षाचा पोट्टा घेतला. पुन्हा पयल्यापासून सगळं. पुन्हा त्याले ईज लागते, पुन्हा बाप मरते. जुनं काही झालंच नाही असं समजाचं.’’

‘‘काहून पण?’’ मीही त्यांच्याशी बोलताना तशीच बोलते.

‘‘जुना जाडा झाला असन.’’ त्यांनी सुईत दोरा ओवला. ‘‘पोट्टा चांगला हाये, बाही बी मस्त बसली. पण जुन्याले सांगतलं असन का कोणी? का त्यानं बी पोस्टरच पाह्यलं?’’

माझ्या पर्समध्ये तेव्हा शाळेच्या ठरावाची प्रत होती. पुढच्या जूनपासून गणवेश रेडिमेड, यवतमाळच्या एका दुकानातून. प्रस्ताव माझा. कारणंही मीच लिहिली होती, वेळेवर मिळतात, एकसारखे असतात. दोन्ही खरी होती. निर्णयाची मला आजही लाज वाटत नाही. मी म्हटलं, ‘‘सांगितलं असेल,’’ आणि लगेच ड्रेसचं बोलायला लागले. वर हेही म्हटलं, की शाळेचं काम आहे, शिलाई घेऊ नका. ते ‘‘बरं’’ म्हणाले.

नव्या पोऱ्याचा ड्रेस पाहायला चाचा आणखी दोनदा टॉकीजला गेले. शिवला असा, की पाहुण्या आलेल्या कलेक्टरीण बाईंनी बक्षीस देताना मुलाला गोल फिरवून ड्रेस पाहिला. चेन बगलेखालच्या शिवणीत लपवली होती. टाळ्या पडल्या. आभार मानताना मी सतरंज्यावाल्याचंही नाव घेतलं, चाचांचं राहिलं. विसरले नव्हते. ते मागे उभे होते, आणि नाव घेतलं तर त्यांच्याकडे पाहावं लागलं असतं.

जूनमध्ये टेम्पो आला. गणवेश वेळेवर, एकसारखे. त्यांच्या आत दुमडलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे वर्षभरात निम्म्या शाळेचे घोटे उघडे पडले. मुलांच्या आया ते गणवेश चाचांकडे न्यायच्या आणि चाचा खाली दुसऱ्या कापडाची पट्टी जोडून द्यायचे. मी दुसऱ्या गल्लीने शाळेत जायला लागले. तो रस्ता लांबचा आहे आणि पावसात तिथे चिखल असतो.

पावणेदोन वर्षांनी पुतणीचं लग्न निघालं. माझ्या घाईच्या ब्लाउजला दुसरं कुणी मिळेना, म्हणून गेले. मापाचा ब्लाउज मशीनवर ठेवला आणि घाईघाईने म्हणून टाकलं, ‘‘चाचा, तो गणवेशाचा ठराव माझा होता.’’

मशीन थांबलं नाही. ‘‘मालूम हाये.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘तो नवा सिनेमा आलता ना, त्याच्या बी आधीपासून. यवतमाळचा मानूस नमुन्याचे शर्ट घेऊन माझ्याच दुकानात रस्ता इचारत आलता. मीच फाटकापर्यंत पोचवून देल्लं त्याले.’’

‘‘मग तो ड्रेस फुकट काहून शिवून दिला?’’

‘‘तुमी इचारलं ना.’’ आता ते हसले. ‘‘मले नाही म्हनता येत नाही, तुमाले सांगता येत नाही. चालते बाई. गळा मागून किती ठेवू?’’

मी काहीतरी आकडा सांगितला आणि निघाले. मागून त्यांनी हाक मारली, ‘‘बाई, पावतीची चिठ्ठी राह्यली!’’ मला ऐकू आली. मी चालत राहिले. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी त्यांनी शिपायाबरोबर शाळेत पाठवली, आणि ब्लाउज आणायला मी नवऱ्याला पाठवलं. अंगाला तो अगदी नीट बसतो. मी फारसा घालत नाही.