डबा ठेवून जा

नागपूरच्या छोट्या दुकानदारांनो, विजेचं बिल आलं की तुम्ही-मी आधी शेवटचा आकडाच बघतो. वीज इथे जवळच, मौद्याच्या वीजकेंद्रात तयार होते आणि तिच्याच बिलानं आपली दुकानं बंद पडतात!

आज सकाळी मी नंदनवनात शोभाताईंच्या आटाचक्कीवर होतो. बिल कमी करायला त्यांनी पंखासुद्धा बंद ठेवला आहे. आता एकच उपाय उरलाय. दर डब्यासाठी मोटर वेगळी चालवली की वीज वाया जाते, म्हणून सकाळपासूनचे डबे जमवायचे आणि दुपारी एकदाच मोटर चालू करून आधी सगळ्यांचा गहू, मग ज्वारी, शेवटी डाळ दळायची.

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. "शोभा, थोडासाच गहू आहे वं. आत्ताच दळून दे."

"ठेवून जा ना काकू, संध्याकाळी घेऊन जा."

"काहून? तुह्या मोटरीले आता मुहूर्त लागते काय?"

काकू हसल्या, डबा उचलला आणि पुढच्या चौकातल्या मोठ्या चक्कीकडे निघाल्या.

शोभाताई म्हणाल्या, "पाहिलं ना भाऊ? चालू केली तं बिल मारते, बंद ठेवली तं गिऱ्हाईक जाते. आता विकूनच टाकीन म्हणते."

दरवाढीविरुद्ध मी किती सभा गाजवल्या! दर उतरला नाही, उतरेल असं आता वाटतही नाही. शोभाताईंची चक्कीही बहुतेक जाईलच. पण काकूंना संध्याकाळपर्यंत थांबायला कोणत्या सरकारनं अडवलं होतं?

आपणही कुणाचं तरी गिऱ्हाईक आहोत. उद्या दळणाचा डबा सकाळीच चक्कीवर ठेवा आणि संध्याकाळी आणा.