तळ्यावरचं मंडळ

आमची सात वर्षांची मुलगी विषमज्वराने गेली, तेव्हा धारवाडातले सगळे भले लोक मला देवाची इच्छा समजावून देऊन गेले. देवळात गेलो की मूर्तीशी भांडावंसं वाटे. म्हणून शाळा सुटली की मी सायकल काढून रायापूरच्या अलीकडच्या एका तळ्यावर जाऊन बसू लागलो.

एका संध्याकाळी खंड्याने पाण्यात सूर मारला आणि माझ्या तोंडून चार ओळी आल्या. त्यांत तळं होतं, मुलगी होती. म्हणता म्हणता मी रडलो, ती गेल्यापासून पहिल्यांदाच. शेजारी कुणीतरी येऊन बसलंय असं वाटलं. मास्तर असूनही मी हजेरी घेतली नाही. पुढे रोज जाऊ लागलो. ओळी सुचत, मन निवे. बायकोला एवढंच सांगितलं, देव असलाच तर त्या तळ्यावर आहे.

पण आपल्या माणसाला कविता झाली की ऐकवल्याशिवाय राहवत नाही. मी ती गल्लीतल्या निवृत्त मामलेदारांना ऐकवली. त्यांनी डोळे पुसले, कुठे सुचली ते विचारून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, एवढी शांती एकट्याने भोगणं बरं नव्हे."

रविवारी मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष ते, चिटणीस त्यांचे जावई. मी संस्थापक, म्हणजे जाजम वाहणारा. अध्यक्षांची खुर्ची टांग्यातून बांधावर आली. हार आले, पानसुपारी आली. जावयांनी माझ्या ओळींना पेटीवर चाल लावली होती. गाणं संपताच मागून कुणीतरी म्हणालं, "वन्समोअर." माझी मुलगी पुन्हा एकदा गेली, या वेळी टाळ्यांत. नंतर आभार मीच मानले. कार्यक्रमात तसं ठरलं होतं.

दर रविवारी हेच सुरू झालं. म्हटलं, बाकीचे वार तर आपले आहेत. सोमवारी एकटाच गेलो. बांधावर पानाच्या पिचकाऱ्या, खुर्चीच्या पायांचे खड्डे. खंड्या आला, त्याने इमानेइतबारे सूरही मारला. मी ओळ शोधू लागलो, तर आधी जावयांची चाल आली. अंधार पडेपर्यंत बसलो. शेजारी कुणी नव्हतं.

घरी बायको तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "भेटला का तुमचा देव?"

"गर्दी होती," मी म्हणालो.

"तुम्हाला निदान चार दिवस तरी मिळाला," ती म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.