न फिरलेल्या रोलवरची ठमामावशी

मंडळी, या कट्ट्यावर तुम्ही मला ओळखता ते लेन्सला बुरशी लागली तर काय करावं, प्रिंट मॅट घ्यावी की ग्लॉसी, फोटोंच्या सीडी किती वर्षं टिकतात असल्या भानगडींसाठी. भुतंखेतं हा माझा विषय नाही. आमच्याकडे देवघरसुद्धा बायकोच्या खात्यात येतं. ऐन अमावास्येला सिद्धगडाच्या रानात ट्रायपॉड लावून ताऱ्यांचे फोटो काढलेला माणूस आहे मी, आणि तिथे मला छळलं ते फक्त डासांनी. तेव्हा खालची हकीकत वाचून "यालाही लागलं वाटतं कायतरी" असं म्हणू नका. झालं तेवढं सांगतो. अर्थ लावायचा प्रयत्न बरीच वर्षं केला, आता ते काम तुमच्या गळ्यात.

आधी माझी लायकी सांगतो, म्हणजे कितपत विश्वास ठेवायचा ते तुम्हाला ठरवता येईल. दमटपणापासून कॅमेरा वाचवायला सिलिका जेल ठेवावं, हे मी सगळ्यांना सांगतो. स्वतः मात्र एके पावसाळ्यात, "तांदूळ पण पाणी शोषतो की" या अक्कलहुशारीने कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरला होता. दिवाळीत बाहेर काढला तर व्ह्यूफाइंडरमध्ये सोंडकिडा. जिवंत. पुढचे दोन महिने मी ज्याचा ज्याचा फोटो काढला, त्याच्या तोंडावरून तो चालत गेला.

तर असा मी. नव्वदच्या दशकात भातसानगरला, धरणाच्या ऑफिसात नोकरीला होतो. माझ्याच सेक्शनला बारकू होता — मुरबाड तालुक्यातल्या, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतला. त्याच्या बहिणीचं, हौसाचं लग्न निघालं. बारकू म्हणाला, "फोटोग्राफर, तुलाच यायचं. दुसरा कोन हाये आमाला?" सगळ्या वाडीत दुसरा कॅमेरा नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

बारकूची आई, ठमामावशी, ही त्या भागातली नावाजलेली धवलारीण. बाहेरच्यांना सांगतो — तिकडे लग्नातला प्रत्येक विधी धवलारणीने गायलेल्या धवल्यांवर चालतो. हळद असो, मुंडावळ्या असोत, धवला नाही तर काही नाही. भटजी नसला तरी चालेल, धवलारणीवाचून लग्न लागायचं नाही. पोटच्या पोरीच्या लग्नातही मावशीच गात होती. मी कॅमेरा तिच्याकडे वळवला तर हात आडवा केला.

"ए पोरा, धवला म्हनताना नको काढू. नसतात काढत. सरला का मंग काढ."

धवले संध्याकाळपर्यंत सरलेच नाहीत. मी बाकी सगळ्यांचे काढत सुटलो. नवरानवरी, वाजंत्री, जेवणाऱ्या पंगती, मांडवाच्या खांबाला बांधलेली शेळी. छत्तीसचा रोल, पण आकडा सदतीस झाला, अडतीस झाला… मी खूश! काटकसरीने रोल भरला की एक-दोन जास्तीचे निघतात, हा आम्हा हौशी लोकांचा फार जुना आनंद. चाळीस झाले. बेचाळीस झाल्यावर मात्र मी खटके मारणं थांबवलं.

नव्या पोरांसाठी सांगतो. रोलची जीभ ओढून पलीकडच्या दांडीच्या खाचेत नीट अडकवावी लागायची. नाही अडकली, तर तुम्ही खुशाल खटके मारत बसा, दांडी रिकामी फिरते आणि रोल जागच्या जागी. मी तिथेच गोधडीत डोकं खुपसून, अंधारात चाचपून मागचं झाकण उघडलं. जीभ होती तिथेच, मोकळी. अख्ख्या लग्नाचा एकही फोटो नाही.

लपवण्यात अर्थ नव्हता. बारकूला सांगितलं. त्याने आधी मला शिव्या घातल्या, मग हसला, आणि जाऊन आईला सांगितलं. मावशी कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"म्हंजे आमी दिसभर आंधळ्याम्होरं नटलो होय रे?"

वाडीभर हशा. पुढे कित्येक दिवस ऑफिसात माझं नाव "आंधळा" पडलं होतं.

रोल कोरा होता, म्हणून टाकून दिला नाही. त्याच रोलची जीभ या वेळी व्यवस्थित अडकवली आणि ऑफिसच्या सत्यनारायणाला वापरायला काढला. पण त्या काळी एक रोल संपायला किती वेळ लागायचा! पूजेचे बरेच काढले, उरलेले तसेच कॅमेऱ्यात पडून राहिले. मधे पावसाळा आला, आणि त्या पावसाळ्यात ठमामावशी गेली. ताप आला, मुरबाडला न्यायला जीप मिळेपर्यंत उशीर झाला.

दिवसकार्य झाल्यावर बारकू कामावर आला तो थेट माझ्या टेबलाशी. "आयचा एक फोटू पायजे रे. भिंतीला लावायला. तोंड तरी ऱ्हाईल."

आईचा फोटो कुणाकडेच नव्हता. तो म्हणाला, "तिनं किती लग्नं लावली. कोनाच्या तरी आल्बमात असंल." मग रविवारी रविवारी आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून वाड्या फिरलो. लोकांनी प्रेमाने अल्बम काढून दिले. नवरा, नवरी, मामा, वरातीतला बैल — सगळे. धवलारीण कुठेच नाही! असेल कशी? लग्नात ती सतत गाणार, आणि गाताना काढायचा नाही. एकात कोपऱ्यात पदर तेवढा होता. बारकू त्या पदरावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसला. "आयचाच हाये," म्हणाला.

मी आपला घरी येऊन कॅमेऱ्यातला अर्धवट रोल कसाबसा संपवला. घरातला फ्रीज, मांजर, पुन्हा फ्रीज. शहापूरच्या स्टुडिओत टाकला. तिथून तो कल्याणच्या लॅबला जायचा. पाकीट आलं. घरी बसून प्रिंट बघतोय. कलश, साहेब, साहेबांची बायको, प्रसाद… आणि मधेच ठमामावशी.

हौसाच्या लग्नाच्या मांडवात बसलेली. हाताला हळद, तोंड उघडं, ऐन धवल्यात. शेजारी मुंडावळ्या बांधलेली हौसा, अर्धी कापली गेलेली. आणि वर कोपऱ्यात निळा नायलॉनचा धागा. माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा तुटल्यावर मी पाण्याच्या बाटलीची निळी दोरी बांधली होती, आणि ती माझ्या दर पाचव्या फोटोत डोकावायची. म्हणजे लॅबवाल्याने दुसऱ्याचा फोटो चुकून टाकला, हेही म्हणायची सोय नाही.

मी तो फोटो काढलाच नव्हता. रोल त्या दिवशी जागचा हललाच नव्हता. जाणकार म्हणतील, सगळे फोटो एकाच जागी एकावर एक पडले असतील, त्यातला एखादा… नाही हो. तो तुकडा रोल भरतानाच उजेडात जळलेला असतो. आणि समजा नसला, तरी एका चौकटीवर बेचाळीस फोटो मारले तर त्यात म्हातारी दिसेल की शेळी? आणि तेही मधोमध, सत्यनारायणाच्या दोन फोटोंच्या बेचक्यात?

मी निगेटिव्ह ट्यूबलाइटला धरून पाहिली. होती. बायकोलाही दाखवली.

दुसऱ्या दिवशी प्रिंट बारकूला दिली. त्याने पाहिली, खिशात घातली, परत काढून पाहिली. "तू बोलला का एक पन नाय आला."

"नव्हताच आला."

"मंग ह्यो?"

"मला नाही माहीत."

"आंधळ्या," एवढंच म्हणाला तो, पण आवाज वेगळा होता.

इथेच संपलं असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. पुढे आठ-दहा वर्षांनी, मी डिजिटलवर आल्यावर, बारकू फ्रेम घेऊन घरी आला. कौलं गळून पाणी आत गेलं होतं आणि प्रिंट काचेला चिकटली होती. (प्रिंट काचेला थेट टेकवून कधीही फ्रेम करू नका. मधे जाड कागदाची चौकट हवी. किती वेळा सांगू?) त्याने ब्लेडने सोडवायला घेतली, तर कोपरा सोलून निघाला. नेमका निळ्या दोरीचा! म्हणजे माझा एकमेव पुरावा ब्लेडला लागून गेला. पुराव्याचं त्याला काय? तो आईच्या चेहऱ्याकडे पसरत चाललेला ओलीचा डाग बघत होता.

"निगेटिव हाये ना तुझ्याकडं?"

"आहे म्हणजे? निगेटिव्ह जपणं हाच तर…" वगैरे भाषण देत मी कपाट उघडलं. पट्ट्या काढल्या, खिडकीला धरल्या. कलश, साहेब, साहेबांची बायको, प्रसाद. कडेला छापलेले आकडे ओळीने, मधे तुटलेलं काही नाही. पुन्हा पाहिलं. भिंगाखाली पाहिलं. ठमामावशी नाही.

बायकोला हाक मारली, "मी तेव्हा तुला निगेटिव्ह दाखवली होती का गं? की मला तसं वाटतंय?"

"दाखवली होतीत की," ती म्हणाली. "म्हातारीचे पांढरे केस त्यात काळेभोर दिसत होते. मी हसले होते, मावशीने कलप लावला म्हणून. विसरलात?"

निगेटिव्हमध्ये पांढरं काळंच दिसतं. हे ती मनाने रचणार नाही. तिला फोटोग्राफीत रस नाही, हे तिने मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं आहे.

आता उरली होती ती काचेला चिकटलेली एक प्रिंट. ती गेली की मावशीचं तोंड गेलं. बारकू म्हणाला, "जरा सोडवून बघ ना," आणि मी आयुष्यात पहिल्यांदा जपून वागलो. सोडवली नाही. काचेसकट पडवीत मांडली, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड येईल अशी. काचेत कॅमेऱ्याचं प्रतिबिंब पडू नये म्हणून बायकोच्या काळ्या परकराला भोक पाडून त्यातून लेन्स बाहेर काढली. (परकराबद्दल पुढे जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.) फोटो उत्तम आला. डाग कॉम्प्युटरवर हलकेच पुसला, चेहऱ्याला हात लावला नाही.

नियमाप्रमाणे तीन प्रती केल्या. एक कॉम्प्युटरवर, एक सीडी माझ्या कपाटात, एक सीडी बारकूकडे — घरं वेगळी असावीत म्हणून. महिन्याभराने नवी प्रिंट फ्रेम करून वाडीवर गेलो, तर माझा बॅकअप त्याच्या भातखाचरात, काठीला दोरीने बांधून गरागरा फिरत होता. पाखरं हाकलायला.

"चमकतंय झ्याक," बारकू म्हणाला. "पाखरू येत नाय बघ."

त्या दिवशी वाडीत शेजारच्या घरी हळद होती आणि धवलारीण म्हणून आली होती हौसा. आईचीच जागा आता ती चालवते. नवी फ्रेम तिने मांडीवर घेतली. आईच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिला सगळं सांगितलं. काढलेला नसलेला फोटो, न फिरलेला रोल, निगेटिव्हवर आता कोणीच नाही. वाटलं, ही तरी काही सांगेल. देवाचं, आईचं, कशाचं तरी.

"मला काय ठावं, दादा," ती म्हणाली. "तू शिकलेला."

मग उठून हळदीच्या मांडवात जाऊन बसली आणि मला हाक मारली. "कॅमेरा आनलाय ना? माझा काढ. आत्ता, म्हनताना."

एक म्हातारी लगेच ओरडली, "गो हौसे, धवल्यात फोटू नसतात काढत!"

"आयनं पाळलं ना? मंग तिच्या तोंडासाठी माझा भाऊ वाड्यावाड्या फिरला. माझी पोरं नाय फिरायची. काढ रं तू."

तिने धवला धरला. म्हातारी पुटपुटत राहिली, पण उठून गेली नाही. मी फोटो काढले, आणि दर खटक्याला मागचा पडदा बघत राहिलो, हौसा आहे ना म्हणून. होती. प्रत्येकात होती.

ते फोटो कसे आले ते मी तुम्हाला उजेडापासून कार्डापर्यंत सगळं समजावून सांगू शकतो. तिच्या आईचा कसा आला ते मात्र मला आजही सांगता येत नाही. त्या पट्ट्या अजून माझ्याकडे आहेत. कधीमधी खिडकीला धरतो. साहेब, साहेबांची बायको, प्रसाद. कोणाला काही सुचलं तर लिहा… फक्त "रोल नीट भरला नसेल" एवढं सोडून.