मंगळवारी गाडी पकडत नाही

चौतीस वर्षं मी बस डेपोत मेकॅनिक होतो. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगायचो आणि तो चारचौघांत मोठ्याने सांगायचो. त्यामुळे माझ्याच गाडीने बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, वॉचमनच्या देखत माझी शोभा केली तेव्हा मी भयंकर संतापलो. चावी फिरवली की स्टार्टर झकास फिरायचा, पण इंजिन पकडायचं नाही. दुपारची झोप काढून टूलकिट घेऊन खाली जावं, तर पहिल्या चावीला चालू.

ठार बंद पडलेली गाडी परवडली. कधी पडणारी आणि कधी न पडणारी गाडी माणसाचा जीव खाते. प्लग बदलले, फिल्टर बदलला. परळला माझ्या ओळखीचा गॅरेजवाला आहे, त्याने कम्प्युटर लावून पाहिलं, काही निघालं नाही.

"काका, माझ्यासमोर ती कधी रुसतच नाही," तो म्हणाला. "तुमच्यावरच राग दिसतोय."

मला हसू आलं नाही. मुलगा आणि सून सकाळीच कामाला जातात, म्हणून नऊ वर्षांच्या नातीला लालबागहून दादरला पोहण्याच्या क्लासला नेणं माझ्याकडे होतं, मंगळवारी आणि शनिवारी. निवृत्तीनंतर माझ्यावाचून घराचं अडेल असं तेवढं एकच काम उरलं होतं. गाडी अडली की टॅक्सी करायची आणि तिच्या शेजारी सामानासारखं बसून जायचं, हे मला सहन होत नव्हतं.

शेवटी डेपोतली पद्धत काढली. फॉल्ट हाताला लागत नसेल तर आम्ही त्या बसची वेगळी वही करायचो. वार, वेळ, हवा, टाकीत डिझेल किती, आदल्या दिवशी बस कुठे गेली, सगळं लिहायचं. बिनकामाचं वाटेल तेही लिहायचं. दोन महिने मी इमाने इतबारे वही भरली. मग एका रविवारी चष्मा लावून वाचायला बसलो आणि चक्रावलो. गाडी फक्त मंगळवारी अडत होती. शनिवारी एकदाही नाही. मधल्या एका मंगळवारी क्लासला सुट्टी होती, मी सहज खाली जाऊन चावी फिरवली होती, तर चालू. तेही मीच लिहून ठेवलं होतं.

लोखंडाला वार कळत नाही आणि क्लासची सुट्टी तर नाहीच नाही. हे माणसाचं काम होतं.

पुढच्या मंगळवारी कुणाला न सांगता तासभर आधी खाली उतरलो. स्टिअरिंगखालच्या फ्यूज बॉक्सचं झाकण काढून टॉर्च मारला. रिलेची जागा रिकामी. रिले म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान काळी डबी, ती पेट्रोलचा पंप चालू करते. ती नसली की स्टार्टर नुसता फिरत राहतो, इंजिनाला पेट्रोलच मिळत नाही. मी सीटवर बसलो तो बसूनच राहिलो. चोर रिले नेईल, पण दुपारी परत आणून लावणार नाही. आणि तो कुठे असतो हे मी आयुष्यात एकाच माणसाला दाखवलं होतं.

चाळीत राहायचो तेव्हा हीच गाडी रस्त्यावर उभी असायची. गणपतीच्या दहा दिवसांत लालबागेत गाडी हलवता येत नाही आणि त्या गर्दीत कोण काय करेल याचा नेम नाही. म्हणून मी रिले काढून बायकोकडे ठेवायला द्यायचो. कसा काढायचा आणि कसा लावायचा हेसुद्धा मोठ्या फुशारकीने तिला शिकवलं होतं.

वर गेलो. ती नातीचा डबा भरत होती. मी हात पुढे केला. तिने मोहरीचा डबा उघडला, रिले काढला आणि पदराला पुसून माझ्या तळहातावर ठेवला.

"तुमका सांगून काय उपेग?" ती म्हणाली. चिडली की तिची मालवणी बाहेर येते. पण आज ती चिडली नव्हती, घाबरली होती. "मंगळवारी तुमचा उपास. शुगरची गोळी घ्यायची आणि नुसत्या चहावर गाडी काढायची. खाऊन जा म्हटलं तर ताट ढकललंत. दोनदा."

खरं होतं. आईचा मंगळवार तिच्यामागे मी धरला होता. गोळ्या सुरू झाल्या तरी सोडला नाही, आणि डॉक्टर ओरडतील म्हणून त्यांना सांगितलाही नाही.

"पोरगी म्हणाली, आजोबा सिग्नलला झोपतात."

"कोण झोपतं?" माझा आवाज चढला. "चौतीस वर्षं बसेस चालवून तपासल्यात मी."

"म्हणून तर काढून ठेवते. दुपारी तुम्ही लवंडलात की जाऊन परत लावते. मुलाला सांगितलं असतं तर त्याने चावीच घेतली असती. मग तुम्ही दिवसभर खुर्चीत बसून राहिला असतात, ते मला बघवलं नसतं. गाडी बिघडली म्हटलं की तुमच्यावर काही येत नाही."

एवढ्यात नात बॅग खांद्याला लावून आली. "आजोबा, आज होणार का चालू?"

मी खाली बसलो. इतकी भीती मला कुणाला काही विचारताना वाटली नव्हती. "मी सिग्नलला झोपतो का गं?"

तिने आधी आजीकडे पाहिलं.

"रोज नाही रे," ती म्हणाली. "मंगळवारीच झोपायचास. डोळे उघडे असायचे तुझे. हिरवा झाला की मी हात लांब करून हॉर्न वाजवायचे, मग तू निघायचास."

तो हॉर्न मला चांगला आठवत होता. मागच्या गाडीवाल्याचा समजून मी दर वेळी त्याला शिवी घातली होती.